'दम मारो दम' मधला दम कुठला?

प्रश्न असा आलाय की 'हरे रामा हरे कृष्णा' सिनेमातल्या 'दम मारो दम' चा दम आणि आपण 'सरांनी दम दिला' म्हणतो तो दम एकच का, आणि मराठीत 'दम मारला' असं लिहिलेलं चालेल का.

दम एकच आहे, फारसीतला, आणि त्याचा मूळ अर्थ श्वास. जिना चढून दम लागतो, जरा दम धर, बेदम चोपला, एकदम आला, झालंच तर दमा, सगळी एकाच घरातली मंडळी. बिर्याणीला दम देतात तेव्हा पण झाकणाला कणीक लावून वाफच आत कोंडतात ना. आता दम देणे, दम भरणे, दमदाटी हे कसं आलं, तर श्वास म्हणजे जोर आणि जोर आला की तो दुसऱ्याला दाखवायचा, असा अर्थ सरकत गेला असावा असं मला वाटतं. 'शम-दम' मधला दम मात्र वेगळा, तो संस्कृत, इंद्रियांना आवर घालणं, त्याची इथे सरमिसळ करू नका प्लीज.

चिलमीला दमच का, झुरका का नाही, हे चिलीम ओढताना बघितलं की लगेच कळतं. खालच्या टोकाला ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा, गुंडाळायची, दोन्ही हातांच्या मुठीत चिलीम उभी धरायची आणि मुठीच्या फटीतून छाती भरेपर्यंत एका श्वासात ओढायचं. झुरका सिगरेटचा, छोटा. हा अख्खा श्वास आहे.

आणि गाण्यात हा शब्द फार नेमका बसलाय. सिनेमा 1971 चा, देव आनंदने काठमांडूत जाऊन शूट केलेला. नेपाळात 1973 पर्यंत चरस-गांजाची दुकानं कायदेशीर होती, त्यामुळे घराला आणि जगाला विटलेली युरोप-अमेरिकेतली पोरं इस्तंबूल, काबूल करत रस्त्याने तिथे पोचायची. झीनत अमानची जसबीर त्यांच्यात जाऊन जेनिस होते, कारण आईबाप वेगळे झालेत आणि आई-भाऊ मेले असं तिला लहानपणीच सांगितलंय. गाण्यात दमला यमक जुळवलंय गमचं. म्हणजे नुसती नशा नाही, दुःख गिळायला घेतलेला श्वास आहे तो, आणि लोक ते फक्त पार्टी साँग म्हणून लावतात याचं मला खरंच वाईट वाटतं. आशाताईंना त्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं, आणि गायकाच्या ज्या दमसासाचं आपण कौतुक करतो त्यातही हाच दम.

तर मराठीत 'चिलमीचा दम मारला' बिनधास्त लिहा. गप्पा मारतो, चक्कर मारतो, तसा दमही मारतो. सिगरेट असेल तर झुरकाच ठेवा, आणि नुसतं 'त्याने दम मारला' लिहू नका, आपल्याकडे वाचणारा आधी 'दम भरला' समजेल, चिलीम किंवा गांजा हा शब्द सोबत हवाच.