सातवीला प्रकल्प दिला की मुलं नुसते तक्ते चिकटवून आणतात. काय करावं?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, तिथलंच सांगते. विषय देऊ नका, प्रश्न द्या. ‘मलप्रभा नदी’ म्हटलं की दुकानातला तक्ता येतो. ‘कणकुंबीला उगवणारी मलप्रभा आपल्या गावापर्यंत कुठे गढूळ होते?’ विचारलं की पोरं बाटल्या घेऊन निघतात (सोबत मोठं माणूस हवंच). आमच्या मुलींनी पाच ठिकाणचं पाणी काचेच्या ग्लासांत रात्रभर ठेवलं, सकाळी तळाचा गाळ पट्टीने मोजला. सरासरी, आलेख तिथेच शिकून झाले. तीन आठवडे पुरेत, पण दर शुक्रवारी वही बघाच. शेवटी ग्रामपंचायतीला पत्र लिहायला लावा, मराठीत आणि कन्नडमध्येही. गुण तक्त्याला नकोत, वहीला द्या.