स्पर्धा नसलेली पाणी कंपनी सुधारते कशाने?

इंग्लंडचं उदाहरण घ्या. १९८९ मध्ये तिथल्या पाणी कंपन्या खासगी झाल्या, पण घरच्या नळाची कंपनी बदलता येत नाही. मग सुधारायची गरज काय? माझ्या मते खासगी मालकीपेक्षा नियामकाचा चाप जास्त महत्त्वाचा. ऑफवॉट ही तिथली पाण्याची नियामक संस्था दर पाच वर्षांनी दराची कमाल मर्यादा ठरवतं. त्या काळात खर्च वाचवला तर फायदा कंपनीचा. पुढच्या फेरीत बिल कमी होऊन तो ग्राहकाकडे जातो. शिवाय शेजारच्या कंपनीशी तुलना होतेच. शेजारणीने स्वस्तात केलं, तुला का नाही जमलं? सुरुवातीची मर्यादा सैल होती. १९९९ च्या फेरीत सरासरी बिलं सुमारे १२ टक्के उतरवली, तेव्हा खरा घाम फुटला.

गळतीचं बघा. १९९५ च्या दुष्काळात यॉर्कशरला टँकरने पाणी आणावं लागलं, त्यानंतर गळतीची सक्तीची लक्ष्यं आली. पहाटे तीनला, गाव झोपलेलं असताना, गावाच्या एकेका भागाच्या मीटरवर प्रवाह किती, हे बघायचं. तेव्हाही पाणी धावतंय म्हणजे पाइप कुठेतरी फुटलाय! काही वर्षांत गळती साधारण एक तृतीयांशाने घटली.

मात्र पाइप बदलणं पुढे ढकलूनही ‘बचत’ दाखवता येते. आकडे वाचताना तेवढं तपासा.