घाटात मऊ पडणारा ब्रेक आणि तीस हजारांचं बजेट

प्रश्न : नमस्कार काका. माझी 2010 ची स्विफ्ट डिझेल आहे, व्हीडीआय, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. दीड लाख किलोमीटर होत आलेत. नुकतीच ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करून घेतली, त्यामुळे विकायचा विचार नाही. घर कराडला आणि नोकरी चिपळूणला, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला. घाट उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पेडल मऊ होतं, खाली जातं आणि करपल्यासारखा वास येतो. खड्ड्यात पुढून खटखट वाजतं. मागे माणसं आणि सामान असलं की गाडी वळणात डोलते. इथला एक मॉडिफिकेशनवाला म्हणतो की मागे डिस्क ब्रेक बसवू, स्प्रिंग बदलून गाडी खाली घेऊ आणि 16 इंची अलॉय टाकू. माझ्याकडे तीस हजार आहेत. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : सुरुवात त्या मॉडिफिकेशनवाल्याला नमस्कार करून, मागे न बघता निघून येण्यापासून करा. त्याने सांगितलेल्या तिन्ही गोष्टींपैकी एकही तुमच्या तक्रारीवरचं औषध नाही.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. तिथे नव्या ड्रायव्हरला जुने ड्रायव्हर पहिली गोष्ट सांगायचे ती ही, की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. तुम्ही चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरत असणार, असं तुमच्या पत्रावरूनच दिसतं. एक हिशेब करून बघा. गाडी, माणसं, सामान मिळून चौदाशे किलो धरा आणि घाटात पाचशे मीटर खाली उतरलात असं धरा. एवढ्या उतारात जी ऊर्जा मोकळी होते, ती हीच गाडी ताशी 100 च्या वेगातून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही, तर सगळी उष्णता पुढच्या चाकांच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती), तिला चिमटीत धरणारे पॅड आणि मागच्या ड्रममध्ये जाते, आणि तिथून कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलमध्ये. तेव्हा उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवा. ब्रेक लावाल तेव्हा ठसठशीत लावा आणि सोडा. सतत हलका दाबून ठेवू नका. आणि न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे जे कोणी तुमच्या ओळखीत असतील, त्यांच्या गाडीत बसू नका. याला एक रुपयाही लागत नाही.

आता मऊ पेडलचं. ब्रेक घाटात दोन तऱ्हांनी दगा देतो आणि दोन्हींची कारणं वेगळी. पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातंय, तर ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा ऑइल होतं, पेडल जागेवर येतं, आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिक म्हणतो, 'काही नाही साहेब, ब्रेक एकदम ओके.' तुमचा प्रकार हाच दुसरा दिसतो. करपल्याचा वास पॅडचा, तो पहिल्याची सुरुवात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की मानकानुसार हीच हमी 155 अंशांवर येते. डॉट 3 ची हीच दोन्ही आकडेवारी 205 आणि 140 अशी आहे. चिपळूणच्या पावसाळ्यात पाणी मुरायला वेळ लागत नाही. तुमच्या गाडीत शेवटचं ऑइल कधी बदललं हे तुम्हाला आठवत नसेल, तर उत्तर मिळालं. जुनं सगळं काढून, चारही चाकांतून नवं ऑइल पेडलला कडकपणा येईपर्यंत सोडून घ्या. नुसती टाकी वरून भरणं म्हणजे बदलणं नव्हे. डॉट 4 घ्या, सीलबंद डबाच घ्या, गॅरेजमध्ये अर्धा उघडून ठेवलेला नको. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही, तिकडे जाऊ नका. दर दोन वर्षांनी बदला. हा खर्च मजुरीसकट हजाराच्या आसपास, आणि तुमच्या तक्रारीचा मोठा भाग इथेच संपेल.

त्याच बैठकीत ब्रेक उघडून घ्या. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं नाही, कारण साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिन अडकली की आतला पॅड झिजतो, बाहेरचा तसाच राहतो, आणि पॅड डिस्कला सतत घासत राहतो. घाटात तापण्याचं हेही एक कारण. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्निअरने मोजा, त्यापेक्षा जाड असेल आणि वाकडी नसेल तरच ठेवा. लेथवर फिरवून चकाचक करण्याची इथे फार हौस आहे, पण जाडी किमानच्या जवळ आली असेल तर डिस्क फिरवून ती आणखी पातळ होते आणि जास्त तापते. त्यापेक्षा नवी जोडी घ्या. मागे ड्रममध्ये व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा) गळतोय का, लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) उरलेत का, ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा) मोकळा फिरतोय का ते पाहा. मागचं ॲडजस्टमेंट सैल असलं तर पेडलचा खेळ वाढतो आणि सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. ड्रम उघडताना धूळ हवेने उडवू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायला लावा. चौदा-पंधरा वर्षांचे रबरी होजपाइप भेगाळलेत किंवा फुगलेत असं वाटलं तर चारही बदला.

पॅड चांगल्या कंपनीचे घ्या, अव्वाच्या सव्वा 'रेसिंग' पॅड नकोत. ते तापल्यावरच नीट धरतात, सकाळी थंड असताना धरत नाहीत, आणि तुम्हाला कराडातून सकाळीच निघायचंय. नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा. मध्ये गाडी चालवून थंड होऊ द्या आणि गरम ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका.

आता मागच्या डिस्कचा मोह. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागच्या ड्रमला मुळात थोडंच काम असतं. ब्रेक जोरात लावल्यावर तुमची चाकं लॉक होत असतील, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्तच आहे. आणखी ताकद घालून काय मिळणार? उलट एबीएस नसलेल्या गाडीत मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली, तर ओल्या वळणात गाडीचं शेपूट बाहेर जातं. शिवाय हँडब्रेकची केबल, मास्टर सिलिंडर, पुढचा-मागचा दाबाचा हिशेब, सगळं बिघडतं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मनाई करतं. अपघातानंतर विमा कंपनीने हा मुद्दा काढला की तुमचा क्लेम अडकतो. त्या पैशांत टायर येतात.

टायर हेच तुमच्या गाडीचं खरं अपग्रेड. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा वर्षांपलीकडचे असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. नक्षीची कायदेशीर मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, पण कोकणातल्या पावसात तीनच्या खाली मी तरी चालवणार नाही. तुमच्या गाडीला कंपनीने 165/80 आर 14 दिलेत. याच पिढीच्या पेट्रोल झेडएक्सआयला कंपनीचेच 185/70 आर 14 होते. दोन्हींच्या व्यासात जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक आहे, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. तुमच्या लोखंडी रिमची रुंदी दुकानदाराकडून तपासून 185/70 टाका. चारही मिळून अठरा-वीस हजार जातील. 16 इंची अलॉय घेतलं तर टायरची भिंत पातळ होते आणि घाटातल्या पहिल्या खड्ड्यात रिम वाकते.

टायर सोडून उरले दहा-बारा हजार, ब्रेकचा खर्चही त्यातूनच. खटखटीसाठी लगेच शॉकअप्सवर बोट ठेवू नका. पुढून लहान खड्ड्यात येणारी बारीक खटखट बहुधा लिंक रॉडची (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) किंवा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) रबरी बुशची असते. गाडी जॅकवर घेऊन, चाक हाताने हलवून, लिव्हर घालून तपासता येते. ब्रेक लावताना किंवा सोडताना एक ठोका येत असेल तर लोअर आर्मचा बुश आधी बघा. लिंक रॉड आणि बुश स्वस्त असतात, आणि अनेकदा यातच गाडी शांत होते.

यानंतरही वेगळाच आवाज राहिला, किंवा शॉकअपवरून ऑइल ओघळताना दिसलं, तर मग शॉकअप्स. गाडीचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा फार विश्वासाची नाही, ऑइलचे ओघळ आणि चालवतानाचा अनुभव जास्त खरा. स्प्रिंगचं काम वजन पेलायचं, शॉकअपचं काम हलत राहिलेला झोका धरून थांबवायचं. मागे माणसं बसल्यावर डोलणं हे मागच्या शॉकअप्सचं लक्षण. टायरमधली हवा कमी असली तरी तेच होतं, ती आधी तपासा. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असेल तर तो पाळा. शॉकअप्स जोडीनेच बदला, एक नवा एक जुना नको. पुढचे उघडले की स्ट्रट माउंट (शॉकअपची वरची बैठक), त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप शेवटाला आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) आणि धूळकव्हर त्याच वेळी बदला, नाहीतर मजुरी दुसऱ्यांदा भराल. कंपनीच्या प्रतीचे गॅसभरलेले शॉकअप पुरेसे आहेत. पैसे कमी पडले तर शॉकअप्स दिवाळी बोनसवर ढकला. टायर आणि ब्रेक ढकलू नका.

मेकॅनिक बरेचदा विसरतो अशी एक गोष्ट. लोअर आर्मचे रबरी बुश बसवताना मुख्य बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर टेकून तिच्या नेहमीच्या उंचीला आली की आवळायचे. लोंबकळत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो, आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. समोर उभं राहून करून घ्या. चाकांची अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, एकदाच.

स्प्रिंगच्या मध्ये बसवायचे रबरी स्पेसर टायरवाल्यांकडे मिळतात. गाडी उंच होते, डोलणं कमी वाटतं. पण स्प्रिंगचे दोन-तीन वेढे कायमचे बंद होतात, बाकीच्यांवर सगळा ताण येतो, तिथे स्प्रिंग तुटते. दुखणं शॉकअपचं आणि पट्टी स्प्रिंगला, असला इलाज मी घेत नाही.

प्रश्न : काका, मी मालवणची. वॅगनआर आठवड्यातून एकदाच काढते. पावसाळ्यात उभी राहिली की पहिल्यांदा हलताना चाकं अडकतात, 'कडाक' आवाज येतो, मग ब्रेक घासल्यासारखे वाजतात. डिस्क बदलायला लागतील का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : बहुतेक नाही. डिस्कवर रात्रीत गंज चढतो, समुद्राजवळ तर जास्तच. काही ब्रेक लावले की निघून जातो. 'कडाक' मागच्या ड्रमला चिकटलेल्या लायनरचा आहे. तुम्ही गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवता, तो पावसाळ्यात टाळा. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये सोडा आणि चाकाला दगड लावा. धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर गाडी उभी करण्यापूर्वी दोन-तीन वेळा ब्रेक लावून ओलावा घालवा. डिस्कच्या काठावर खोल चर पडलेत किंवा ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतंय, तेव्हाच बदलण्याचं बोला. आणि पाहुणे आले की गाडी चालते तसं न करता, आठवड्यातून दोनदा बाजारात फिरवून आणा.

प्रश्न : माझ्या जुन्या झेनच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापले तर गाडी स्पोर्टी होईल ना? खर्च फक्त ग्राइंडरचा.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होईल, पण पुढच्या गतिरोधकापर्यंतच. कापलेली स्प्रिंग जास्त कडक होते आणि शॉकअपचा प्रवास कमी उरतो, म्हणून तो बंप स्टॉपवर आपटत राहतो. गाडी उचलली गेली की सैल स्प्रिंग आपल्या जागेतून सरकू शकते. स्प्रिंग दाबून काढताना सुटली तर माणसाचा हात जातो, त्यामुळे हे घरच्या ग्राइंडरचं काम नाहीच. गाडी जमिनीला जरा घट्ट बसावी एवढंच हवं असेल, तर चांगले टायर घ्या, जुने बुश बदला आणि टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा ठेवा.