मठारलेला तांब्या, त्याचा फोटो आणि त्याचं बिल

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले तांब्याच्या भांड्यांचे चौदाही फोटो मोठे करून पाहिले. माल पुण्याच्या तांबट आळीतला आहे हे मठारावरून (हातोडीच्या ठोक्यांवरून) कळतं, पण भांडं नवं आहे की माळ्यावरून काढलंय हे काही कळत नाही. उजेडाचं आणि पैशाचं पुढे लिहितोच. त्याआधीचा एक प्रश्न तू भांडीवाल्या मालकांना विचारलेला दिसत नाही: हा फोटो लागणार कुठे, आणि किती दिवस?

अॅमेझॉनवर पहिला फोटो म्हणून लागणार असेल, तर मागे शुद्ध पांढरं हवं, आरजीबी (लाल, हिरवा, निळा) २५५, २५५, २५५. भांड्याने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा, लांब बाजू निदान १००० पिक्सेल हवी (नाहीतर झूम चालत नाही), आणि फोटोवर अक्षरं, लोगो, वॉटरमार्क काही चालत नाही. म्हणजे तुझा पाट आणि झेंडूच्या पाकळ्या तिथे बाद. तोच फोटो छापील कॅटलॉगात ए-४ पानभर जाणार असेल, तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात आणि वर मजकुराला जागा सोडावी लागते. इन्स्टाग्रामला उभी ४:५ ची चौकट. तिन्ही ठिकाणी लागणार असेल तर तिन्ही फ्रेम शूटच्या वेळीच घे. मागून एकाच फोटोला कात्री लावायला गेलीस की तोटी तरी कापली जाते, नाहीतर मजकूर भांड्याच्या गळ्याशी येतो.

आता उजेड. मठाराचा प्रत्येक ठोका म्हणजे एक इवलासा आरसा. नुसता फ्लॅश मारला की त्या प्रत्येक आरशात फ्लॅशचा ठिपका दिसतो आणि भांड्याला कांजिण्या उठल्यासारखं वाटतं. तुझे पहिले दोन फोटो असे आहेत. मग तू घाबरून चारी बाजूंनी पांढरा तंबू ठोकलास. ठिपके गेले, पण त्यांच्याबरोबर ठोकेही गेले. कारागिराने हातोडीने केलेलं काम दिसत नसेल, तर मशीनवरच्या भांड्यापेक्षा हे महाग का, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार?

ट्रेसिंग पेपरचा मीटरभर रुंद रोल घे, अप्पा बळवंत चौकात मिळेल. लाकडी चौकटीवर ताणून तो भांड्याच्या डावीकडे ३० ते ४० सेंटिमीटरवर उभा कर. त्याच्या मागे साधारण ५० सेंटिमीटरवर साध्या रिफ्लेक्टरचा एक फ्लॅश. कागदाच्या मध्यभागी प्रखर आणि कडेला विरत जाणारा उजेड पडला पाहिजे, कारण भांड्यात दिसणार आहे तो हा कागद. फ्लॅश फार मागे नेलास तर कागद सगळीकडे सारखा उजळतो आणि ठोके सपाट होतात. फार जवळ आणलास तर पुन्हा ठिपका. कॅमेरा लॅपटॉपला जोड, फ्लॅश पाच-पाच सेंटिमीटर सरकवत जा आणि मोठ्या पडद्यावर बघ. प्रत्येक ठोक्याची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद दिसायला लागली की थांब. उजवीकडे पांढरा सनबोर्ड (फोमची ताठ शीट) पुरतो.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर भांड्याच्या कडा विरघळतात, कारण गोल भांड्याची कड आपल्या मागचं पांढरंच दाखवते. त्यासाठी काळ्या सनबोर्डच्या दोन-अडीच इंच रुंद उभ्या पट्ट्या दोन्ही बाजूंना, फोटोच्या चौकटीच्या जेमतेम बाहेर आणि भांड्याच्या किंचित मागे ठेव. कडेला बारीक गडद रेघ येते आणि भांडं पांढऱ्यातून सुटून दिसतं. पट्ट्या जास्त पुढे आल्या तर पोटावर काळे पट्टे उमटतात.

कॅमेरा आणि तू भांड्याच्या पोटावर दिसणारच. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लावून मागे सर आणि गडद कपडे घाल, म्हणजे प्रतिबिंब एवढंसं राहतं आणि रिटचिंगमध्ये सहज जातं. कॅमेऱ्यात आयएसओ (संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ११, शटर १/१२५ सेकंद. एफ २२ वर नेऊन सगळं फोकसमध्ये येईल असं वाटतं, पण डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळंच थोडं मऊ पडतं. पोलरायझरवर (चमक कापणाऱ्या फिल्टरवर) पैसे घालू नकोस. काच, पाणी, वार्निश यांना त्याचा उपयोग आहे, धातूच्या चमकेला जवळपास नाही.

आतून कल्हई असेल तर ती चांदीसारखी पांढरी असते आणि बाहेरच्या तांब्याच्या आधी फटफटते. तिच्यासाठी दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी अशी वेगळी फ्रेम घे आणि नंतर दोन्ही जोड. मध्ये ट्रायपॉडला धक्का लागला तर काठ जुळत नाही आणि तास वाया जातो.

रंगात तू सगळ्यात जास्त चुकली आहेस. खोलीतली ट्यूब चालू राहिली आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर, त्यामुळे एकच तांब्या तीन फोटोंत तीन रंगांचा. ट्यूब बंद कर, पहिली फ्रेम कलर चेकर (ठरावीक रंगांच्या चौकोनांचं कार्ड) धरून घे, त्यावरून बॅलन्स ठरव आणि दिवसभर तो बदलू नकोस. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघ. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाच तांब्यात लाल भरून गेलेला असतो, आणि तिथे नारिंगी प्लास्टिकसारखा डाग येतो जो नंतर दुरुस्त होत नाही. वेबच्या फाइल एसआरजीबीतच (पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) दे.

भांडी शूटच्या दिवशी सकाळी चिंच-मिठाने घासायची, भरपूर पाण्याने धुवायची आणि लगेच सुती फडक्याने कोरडी करायची. मीठ राहिलं की हिरवट डाग पडतात. त्यानंतर सुती हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. लॅकर (पारदर्शक वार्निश) मारलेलं भांडं मात्र घासू नकोस, ओरखडे उठतात. आधी विचारून घे.

एवढं सगळं केलं तर मठारलेली आठ-दहा भांडीच दिवसात होतात. डब्यातली किंवा खोक्यातली साधी वस्तू असेल तर पंचवीस-तीस होतील. दर नगावर सांगण्याआधी हा फरक लक्षात घे. महिन्याला भाडं, हप्ते, वीज, प्रवास, घरखर्च मिळून ६०,००० लागत असतील आणि बिल लावता येईल असे दिवस दहाच मिळत असतील, तर दिवसाला ६,००० ला तू फक्त बरोबरीत सुटतेस. बाकीचे वीस दिवस एडिटिंग, भेटीगाठी आणि पैशांच्या मागे लागण्यात जातात.

कोटेशनमध्ये शूटची फी, प्रत्येक फोटोचं रिटचिंग, वापराचा हक्क, प्रॉप्स आणि प्रवास असं वेगवेगळं लिही. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या, तिसरीपासून पैसे. निम्मी रक्कम आगाऊ. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, तोवर तो लावू नकोस.

वापराच्या हक्काची ओळ गाळू नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तोंडी कामात तुझाच फोटो तुला इन्स्टाग्रामवर टाकायलाही त्यांची परवानगी लागते. म्हणून लिही: कॉपीराइट फोटोग्राफरकडे; ग्राहकाला वेबसाइट, सोशल मीडिया आणि कॅटलॉगसाठी दोन वर्षांचा परवाना; होर्डिंग आणि पॅकेजिंग वेगळं; फोटोग्राफरला पोर्टफोलिओत वापरण्याची मुभा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. मालकांना सगळे हक्क हवे असतील तर खुशाल दे, पण त्याची रक्कम वेगळी लाव.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, करून टाक. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे बिलाच्या तळाला एका ओळीत छाप. भांडायची वेळ सहसा येत नाही.

प्रसिद्धीचं थोडक्यात. बाराच फोटो ठेव आणि त्यांत लग्न, सूर्यास्त, मांजर नको. भांडेवाला तुझ्या पोर्टफोलिओत भांडी शोधतो. पीडीएफ पाच एमबीच्या आत. आपल्याकडे मालक ईमेल उघडत नाहीत, व्हॉट्सॲप उघडतात. तिथे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, नाहीतर दाबला जाऊन मठार चिखलासारखा दिसतो. तीन फोटो, दोन ओळी, आणि त्यांच्या मालातलं एक भांडं शूट करून दाखवायची तयारी. त्यांच्या सध्याच्या फोटोंना नावं ठेवू नकोस, ते बहुतेक त्यांच्या पुतण्याने काढलेले असतात.

वेळ सांभाळ. धनत्रयोदशीला भांड्यांची खरेदी असते, म्हणजे फोटो गणपतीच्या सुमारास हातात हवेत आणि बोलणी आषाढात. नवरात्रात फोन केलास तर पुढच्या वर्षी बघू म्हणतील.

पुढच्या वेळी चौदा नकोत, तीनच पाठव: एक पांढऱ्यावरचा, एक ४:५ चा, एक कल्हई दिसणारा. सोबत रॉ (कॅमेऱ्यातली मूळ) फाइल, कलर चेकरची फ्रेम, आणि कागद, फ्लॅश, पट्ट्या कुठे ठेवल्या त्याचा अंतरांसकट हाताने काढलेला नकाशा. पेन्सिलने काढलास तरी चालेल.