दुपट्यात न राहणारं बाळ

प्रश्न : मावशी, सप्रेम नमस्कार. माझं हे पहिलं बाळंतपण. मुलगा सव्वा महिन्याचा आहे. जन्मला तेव्हा 2 किलो 900 ग्रॅम होता, परवा दाखवायला नेलं तेव्हा 3 किलो 900 भरला. दिवसा गुणी आहे. रात्री सासूबाई त्याला दुपट्यात घट्ट बांधतात आणि तो लालबुंद होईस्तोवर रडतो, दहा मिनिटांत एक हात बाहेर काढतोच. हात मोकळे ठेवले की झोपतो, पण मध्येच दचकून उठतो. आम्ही निफाडजवळ मळ्यात राहतो, इथली थंडी तुम्हाला ठाऊक असेलच. सासूबाई म्हणतात, बांधलं नाही तर वारं लागेल, पायही वाकडे राहतील. बाळंतविड्यात लोकरीची झबली आणि कुंच्या ढीगभर आल्यात, पण त्यांत त्याला घाम येतो. रात्री त्याला नेमकं घालू तरी काय?
– एक बाळंतीण, निफाड

उत्तर : आज रात्रीपासून त्याला बांधणं बंद कर. तुझं काही चुकत नाहीये आणि त्याचंही नाही.

मी 35 वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर होते. दुपट्यात बाळ गुंडाळणं माझ्या हातचा मळ. तरी माझी स्वतःची धाकटी लेक दुपट्यात एक रात्र राहिली नाही. मी पुन्हा पुन्हा बांधायची, ती पुन्हा पुन्हा रडायची. चौथ्या रात्री माझ्या आईनं तिला माझ्याकडून घेतलं, दुपटं सोडलं, पूर्ण बाह्यांचं मऊ झबलं घातलं आणि छातीवर हात ठेवून बसली. लेक झोपली. दुपट्याशिवाय बाळ झोपतं हे मी शिकले ते तेव्हा, नर्सिंगच्या शाळेत नाही.

दुपट्यानं दोन गोष्टी मिळतात, ऊब आणि दचकण्याला आवर. ऊब कपड्यांनी देता येते. दचकणं ही या वयातली नैसर्गिक प्रतिक्रिया आहे: आवाज झाला किंवा डोक्याखालचा आधार अचानक गेला की हात फाकतात आणि मूल रडतं. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ते आपोआप ओसरतं. तोवर त्याला खाली ठेवताना आधी ढुंगण टेकव, मग पाठ, शेवटी डोकं, आणि तुझा तळवा त्याच्या छातीवर मिनिटभर तसाच राहू दे. एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

पायांचं मात्र सासूबाईंना नीट सांग, कारण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. तान्ह्या बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फाकलेलेच असायला हवेत. ते सरळ ओढून घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा खोबणीतून सरकण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये पाय सरळ बांधायची रीत होती. 1975 च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी ती सोडायला लावली आणि खुब्याच्या तक्रारी खूपच कमी झाल्या.

आता कपडे. अंगालगत फक्त सुती. होजिअरीचं किंवा जुन्या मलमलीचं, पूर्ण बाह्यांचं, पुढून एकावर एक येऊन बाजूला बंद होणारं झबलं घे. डोक्यातून घालायचं नको, रात्री दोनदा बदलायचं म्हटलं की तुझाही जीव जातो आणि त्याचाही. नाड्यांपेक्षा टिचबटणं बरी, मात्र प्रत्येक बटण धुतल्यावर ओढून बघ, सैल असलं तर काढून टाक. गळ्याशी नाडी असलेलं झबलं रात्री अजिबात नको. खाली पायमोज्यांसकट शिवलेली सुती विजार, कमरेला वळ उठणार नाही अशी सैल. लंगोट ओला राहिला की बाकी सगळे कपडे फुकट, कारण ओलाव्यानं बाळ फार लवकर गार पडतं. रात्रीपुरता डायपर लावलास तर त्यात कमीपणा काही नाही.

शिवणी हाताने चाचपून बघ आणि आतली बाजू टोचत असेल तर झबलं उलटं घाल. हातमोजे-पायमोजे असतील तर ते उलटे करून आतले सुटे धागे काप. वॉर्डात एकदा एक बाळ तासभर रडत होतं, दूध नको, मांडी नको. शेवटी हातमोजा काढला तर आतला दोरा बोटाला गुंडाळून बोट जांभळं पडलेलं. डॉक्टरांनी तो दोरा कापला आणि बोट वाचलं, पण तेव्हापासून मी बाळाला हातमोजे घालू देत नाही. नखं काप, ते पुरे.

सगळ्यावरून झोपण्याची पिशवी. बाजारात मिळते, पण तुझ्या घरी मशीन असेल तर एका दुपारचं काम आहे. जुन्या सुती साडीचे तीन-चार पदर घेऊन गोधडीसारखा धावदोरा घाल. बिनबाह्यांची बंडी आणि तिच्याखाली पिशवी, असा आकार. खांद्यापासून टाचेपर्यंत माप घे, त्यात एक वीत मिळव. तळाशी रुंदी 40 सेंटिमीटर तरी हवी, म्हणजे पाय आत मनासारखे फाकतात. खांद्यांवर टिचबटणं, तळ उघडता येईल असा. गळा लावल्यावर तुझी दोन बोटं आत जावीत, पण त्याचं डोकं आत सरकता कामा नये. माप इथेच नीट घ्यायचं. तुझा मुलगा 4 किलोला आलाय म्हणून मी पिशवी सांगतेय. लहानखुऱ्या किंवा दिवसांआधी जन्मलेल्या बाळासाठी ती सांगणार नाही. तशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरणं आणि डॉक्टर सांगतील तसं टोपरं, हेच खरं. आत वजन भरलेल्या पिशव्या हल्ली विकायला येतात, त्या घेऊ नकोस.

पिशवी असली की वरून गोधडी नको, आणि तोच तिचा मोठा फायदा. सुटी गोधडी, शाल, राईची उशी, बाजूचे लोड, सगळं पाळण्यातून काढ. बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, पाळणा तुझ्या खाटेला लागून. टोपरं अंघोळीनंतर आणि बाहेर नेताना घाल. झोपताना ते तोंडावर सरकू शकतं, आणि बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर पडते. कुंची बारशाला शोभते, झोपेला नाही. गळ्यातला काळा दोराही रात्री काढून ठेव.

लोकरीच्या झबल्यांत घाम येतो म्हणतेस तर ती रात्रीची नकोतच. सकाळी अंगणात कोवळ्या उन्हाला घेऊन बसशील तेव्हा सुती झबल्यावरून घाल, देणाऱ्यांचं मनही राहील.

ट्रंकेतून काढलेल्या जुन्या कपड्यांबद्दल माझं ऐकच. पहिले दिवस बाळाला जुने मऊ कपडे घालायची आपली रीत मला मनापासून आवडते. पण ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर ते कपडे बाळाच्या जवळ आणू नकोस. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एंझाइम जन्मतःच कमी असतं आणि वरून ते कळत नाही. अशा बाळाच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वाफेनं फुटतात, कावीळ झपाट्यानं चढते. नुसतं ऊन दाखवून भागत नाही. कपडे टिकवायचे तर कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

थंडी वाजते की उकडतंय हे हाताच्या बोटांवरून ठरवू नका, ती गारच असतात. तुझ्या हाताची मागची बाजू आधी त्याच्या पोटाला लाव, मग तळपायाला. दोन्ही कोमट तर बाळ मजेत आहे. पोट कोमट आणि पाय गार, तर त्याला उघडं करून तुझ्या छातीशी धर, दोघांवर शाल घे, आणि नंतर एक थर वाढव. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखाना गाठ. मान घामेजली तर एक थर काढ. तुमच्याकडे कडाक्याच्या रात्री पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, पण ते शिवारात. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत 18 अंशांच्या आसपास असेल तर झबलं, विजार आणि पिशवी पुरते. भिंतीवर साधा तापमापक लाव. पेटलेली शेगडी मात्र बंद खोलीत ठेवून कधीच झोपू नका, कोळशाचा विषारी वायू कुणालाच जाणवत नाही. आणि या वयात अंग 38 अंशांच्या वर गेलं तर कपड्यांचा विचार न करता लगेच डॉक्टरांकडे जा.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना बाळ गारठू द्यायचं नाही, तुलाही नाही. पिशवीला धावदोरा त्यांनाच घालायला सांग, त्यांचा हात तुझ्यापेक्षा बारीक चालत असेल. पोटाला आणि पायाला हात लावून बघायचं काम रात्री एकदा त्यांच्याकडे दे.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत डब्लिनला जातेय. तिनं बाळासाठी झोपायच्या पिशव्या घेतल्यात, त्यांवर 2.5 टॉग, 1 टॉग असं लिहिलंय. म्हणजे काय?
– एक होऊ घातलेली आजी, पुणे

उत्तर : टॉग म्हणजे कापड किती ऊब धरून ठेवतं त्याचं माप. खोली 16 ते 20 अंश असेल तर 2.5 ची पिशवी, 20 ते 24 असेल तर 1 ची, त्याहून गरम असेल तर 0.5 ची. डब्लिनच्या घरांत हीटर असतो, म्हणून बाहेरच्या थंडीकडे बघून नाही, बाळ झोपतं त्या खोलीतलं तापमान बघून पिशवी निवडा. आत एक सुती झबलं आणि विजार, वरून काही नाही. इथून नेणार असाल तर जुन्या मलमलीची सहा झबली न्या.