घरकाम भरपूर असताना, पावसात पडू नये म्हणून वेगळा व्यायाम करावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ४७ आहे, दिवसभर घरचं काम असतं, जुलैत महिनाभर दापोलीकडे माहेरी जायचंय आणि मागच्या पावसात तिथल्या अंगणात दोनदा घसरलात. चप्पल कुठली घ्यावी आणि व्यायाम वेगळा लागतो का, असं विचारलंय.

लागतो. घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे. गुहागरात २८ वर्षं घर आणि आगर, म्हणजे घरामागची नारळ-सुपारीची बाग, सांभाळलं, तरी मनगट मोडून घेतलं, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते.

आमच्याकडे मागीलदारातून आगरात उतरायला चिऱ्यांची पाखाडी आहे, नऊ पायऱ्यांची. २०२२ च्या श्रावणातली गोष्ट. चार दिवस उघडीप होती आणि त्या सकाळी नुसती भुरभुर आली. मुसळधार पावसात सगळेच जपून चालतात. घात होतो तो अशा दिवशी, सुकत आलेल्या शेवाळावर जरासा ओलावा आला की. उजव्या हातात पिळलेल्या कपड्यांनी भरलेली बादली, लक्ष दोरीकडे. तिसऱ्या पायरीवर टाच निसटली. बादली मात्र मी सोडली नाही, हे मला अजून आठवतं. डावा हात टेकला आणि अंगाचा सगळा भार त्यावर आला.

मनगटाला मधेच बाक आला होता, जेवायच्या काट्याला असतो तसा. शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी आधी माझ्या बांगड्या नि अंगठी काढली. अर्ध्या तासात हात इतका सुजला की नंतर त्या कापाव्याच लागल्या असत्या. वर्तमानपत्राची जाड घडी हाताखाली धरून वरून ओढणी गुंडाळली आणि तशीच मला चिपळूणला नेलं. डॉक्टरांनी भूल देऊन हाड बसवलं, ६ आठवडे प्लास्टर. टेकलेल्या हातावर पडून मनगट असं मोडलं तर त्याला कोलेस फ्रॅक्चर म्हणतात. पाळी गेलेल्या बायकांमध्ये ते फार होतं, कारण इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं भराभर विरळ होत जातात. माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. हाडांची घनता तपासून घ्यावी, हे मला सुचलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपीला गेले. वाटलं, हाताचे व्यायाम देतील. त्या मुलीने आधी एका पायावर उभं राहायला सांगितलं. चार सेकंदांत मी टेबल धरलं. दुसऱ्या पायावर तीन. खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, तर सहाव्या वेळी मांड्या थरथरायला लागल्या. रोज शिंपणं करणारी, नारळाची पोती ओढणारी मी! ती म्हणाली, काकू, कामात तुमच्या त्याच त्या हालचाली होतात. पाय निसटल्यावर सावरतात ते खुब्याच्या बाजूचे स्नायू, पोटऱ्या आणि घोटे. ओट्यापाशी कितीही तास उभं राहिलं तरी त्यांना मेहनत पडत नाही.

हे घरी सांगितलं तेव्हा आमचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, आमची आई ऐंशी वर्षांची होईपर्यंत आगरात सुपारी वेचत होती. तिने केला होता का कधी व्यायाम?"

हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. आई वेचत होत्या, खरं आहे. पण उकिडव्या बसून वेचायच्या. चुलीपुढे पाटावर बसायच्या, जेवायला खाली बसायच्या, दिवसातून कितीतरी वेळा जमिनीवरून उठायच्या. आज माझ्याकडे ओटा आहे, टेबल आहे, कमोड आहे. काम तेवढंच आहे, बसणं-उठणं तेवढं गेलं. आणि भाऊजी गोष्ट ऐंशीलाच थांबवतात. ८३व्या वर्षी आई न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला आणि नंतरचे सात महिने माजघरातल्या खाटेवरून उठल्या नाहीत. त्यांच्या पाठीला झालेल्या जखमा मी धूत होते. न्हाणीघरात धरायला एक दांडा लावा असं मी त्याआधी दोनदा म्हटलं होतं. "आईला काय होतंय," असं उत्तर मिळालं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल आहेच, शिवाय ताकदीचे व्यायाम किमान २ दिवस सांगितलेत. पासष्टीनंतर ताकद आणि तोल दोन्हींसाठी ३ दिवस. भाऊजींना मी हे वाचून दाखवलं आहे.

मी एक दिवसाआड करते. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं, थोडं थांबून पुन्हा दहा. पडवीचा खांब धरून टाचा उचलायच्या, पंधरा वेळा. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, बेसिन हाताशी असतंच. आता तीस सेकंद राहते. बादली अर्धीच भरते, दोन फेऱ्या करते आणि एक हात रिकामा ठेवते.

घरकाम फुकट जातं असं मात्र नाही, हालचाल म्हणून ते धरतातच. तुम्हाला चक्कर येत असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील, मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील किंवा गुडघे दुखत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. दोनदा पडलात म्हणताय, तेही त्यांना सांगा. आणि घरातलं म्हातारं माणूस पडलं आणि पाय उचलता येत नसेल, तर ओढून उभं करू नका.

चपलेचं राहिलं. तळ गुळगुळीत झालेली चप्पल टाकून द्या आणि मागे पट्टा असलेली घ्या. पण शेवाळावर कुठलाच तळ धरत नाही. माहेरी आत्ताच फोन करा. पायऱ्यांवर ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्यायला सांगा आणि अंगणातल्या वाटेवर माडाच्या झावळ्या पसरायला सांगा. आमच्याकडे पाऊस लागायच्या आधी त्या झावळ्या आईच पसरायच्या.