वाचक विचारतात : काळ्या कातळात घळ पडते कशी?

प्रश्न : गुहागरजवळच्या हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्रकाठच्या कातळातली अरुंद घळ, पाहून आलो. आपल्या अंबाबाईच्या देवळाचा दगड त्याच जातीचा, छिन्नीलाही सहज दाद न देणारा. चुनखडी पाण्यात विरघळते हे ठाऊक आहे, पण या काळ्या कातळात, बेसाल्टमध्ये, पाण्यानं एवढी घळ पाडली कशी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अखंड बेसाल्टच्या वाटेला समुद्र फारसा जात नाही. तो फट शोधतो. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थिजताना आकसला की त्यात चिरा पडतात. शिवाय दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी कधी विटकरी रंगाचा मऊ पट्टा असतो. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं नीट पाहिलंत तर असा पट्टा दिसेल, नखानं खरवडला तरी भुगा निघतो. असा पट्टा किंवा चीर भरतीच्या पातळीला आली, की गुहेची सुरुवात तिथूनच.

लाट चिरेवर आदळते तेव्हा आतली हवा कोंडून दाबली जाते. लाट मागे फिरली की तीच हवा एकदम फुगते. पावसाळ्यात हे दर काही सेकंदांनी, महिनोन्महिने चालतं. कडेचे चौकोनी ठोकळे आधी हलतात, मग निखळतात. एक घनमीटर बेसाल्ट साधारण २,९०० किलोचा, पण पाण्यात बुडाला की त्यातला १,०२५ किलो भार समुद्रच उचलतो. म्हणून एरवी न हलणारा धोंडा लाटेबरोबर गडगडतो आणि गुहेची जमीन घासून रांजणखळगे पाडतो. खरी झीज हे दगडगोटेच करतात. नुसतं पाणी एवढं करू शकत नाही.

रसायनाचं काम संथ, पण पाया तेच भुसभुशीत करतं. बेसाल्टमधल्या खनिजांपैकी ऑलिव्हिन सर्वांत आधी कुजतं, मग पायरॉक्सिन आणि फेल्डस्पार. लोह गंजतं, बाकीच्याची चिकणमाती होते. वर उडालेलं खारं पाणी वाळलं की छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कातळाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे, ती बरीचशी मिठाचीच करामत.

बामणघळीत पाणी उंच उडतं, कारण घळ आत अरुंद होत जाते. मागून रेटा आणि पुढं वाट नाही, मग पाणी वरच जाणार. गुहेचं छत कोसळलं तरी अशी उघडी घळ उरते. भूशिराच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंनी गुहा कोरत येऊन मिळाल्या तर कमान होते. कमान पडली की पाण्यात एकटा सुळका राहतो.

प्रश्न : गुहा नैसर्गिक की कोरलेली, हे कसं ओळखायचं?

उत्तर : समुद्रानं केलेली गुहा बहुधा तोंडाशी रुंद आणि आत निमुळती असते, मागच्या भिंतीत चीर सापडते, तळाला गोल गुळगुळीत गोटे असतात. मसाई पठाराजवळच्या पांडवदऱ्यासारखी लेणी माणसानं कोरलेली. कोरलेल्या गुहेत सपाट भिंती, काटकोन आणि छिन्नीचे ओरखडे दिसतात.

प्रश्न : पाहायला कधी जावं?

उत्तर : पावसाळ्यात मुळीच नको. इतर वेळी कोकणातला जुना हिशेब वापरा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत खाली जातं खरं, पण ती वेळ संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते आणि हिवाळ्यात लगेच अंधारतं. चारला उतरा, पाणी चढायच्या आत परता. हा हिशेब ढोबळ आहे, तेव्हा भरती-ओहोटीचं त्या दिवसाचं वेळापत्रक आणि गावातल्या कोळ्यांचं म्हणणं आधी घ्या. हिरवं शेवाळ असलेल्या कातळावर पाय टाकू नका आणि घळीच्या काठाशी समुद्राकडं पाठ करून फोटो काढू नका.